जुन्या लष्करी वाहनांवरील वायपर मोटर पुन्हापुन्हा बंद पडते तेव्हा: दोष शोधणे, बदली मोटर निवडणे आणि बसवणे

जुनी लष्करी वाहने जपणाऱ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. वायपर हळू चालू लागला म्हणून मोटर बदलली, सुरुवातीला ती व्यवस्थित चालली, पण काही काळाने तिचीही तीच अवस्था झाली. मग दुसरी मोटर शोधायची, तीही बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशा बहुतेक प्रसंगी मूळ दोष मोटरमध्ये नसतोच. एक तर मोटरपर्यंत पोहोचणारी शक्ती, म्हणजे व्हॅक्यूम (इंजिन हवा ओढते त्यातून तयार होणारी ओढ), हवेचा दाब किंवा वीज, कमी पडत असते, किंवा मोटरला फिरवावा लागणारा भार वाढलेला असतो. मोटर ही या साखळीतील मधली कडी आहे आणि हाताशी सर्वांत आधी तीच येत असल्याने बळीही तिचाच जातो. या वाहनांच्या मूळ मोटर आता नव्याने बनत नाहीत आणि जुन्या साठ्यातील मोटर दिवसेंदिवस कमी होत आहेत, त्यामुळे खरेदीला निघण्यापूर्वी तपासणीवर एक दुपार घालवणे केव्हाही परवडते.

सर्वप्रथम वाहनावरील वायपर कोणत्या जातीचा आहे आणि तो मुळात कोणत्या जातीचा असायला हवा, हे ठरवावे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपगाड्यांपैकी बहुसंख्य गाड्यांवर वायपर हाताने फिरवायचे होते, त्यांना मोटर नव्हतीच. आज त्यांच्यावर दिसणारी व्हॅक्यूम मोटर बहुधा युद्धानंतर कोणीतरी बसवलेली असते. त्यामुळे तिची जोडणी, नळीचा व्यास आणि चौकटीवरील छिद्र यांपैकी काहीही कारखान्याच्या मापाचे असेलच असे नाही. याच काळातील जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अडीच टनी ट्रकवर व्हॅक्यूम मोटर होती. १९५० च्या सुमारास आलेल्या एम३८ जीपची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची झाली, तरी तिचा वायपर व्हॅक्यूमवरच राहिला. एअर ब्रेकची टाकी असलेल्या एम३५ मालिकेच्या ट्रकवर आणि सोव्हिएत झील-१३१ वर वायपर दाबाच्या हवेवर चालतो. ब्रिटिश सैन्याच्या लँड रोव्हरवर आणि जर्मन युनिमॉग ४०४ वर विजेची मोटर असते. मोटरच्या या तीन जातींतील दोषांची लक्षणे वरवर सारखी वाटतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

आधी भार तपासावा

ही तपासणी सर्वांत सोपी आहे आणि बहुतेक जण तीच टाळतात. वायपरचा दांडा काढावा, मोटर आणि जोडदांडी यांना एकत्र ठेवणारी खिटी किंवा क्लिप सोडवावी आणि काचेच्या चौकटीतून बाहेर येणारा शाफ्ट दोन बोटांनी फिरवून पाहावा. तो कुठेही न अडकता, एकसारखा फिरला पाहिजे. शाफ्ट ज्यात फिरतो त्या पितळी बुशमधील ग्रीस वाळून चिकट झालेले असेल, किंवा वाहनाला नवा रंग देताना रंग बुशमध्ये शिरलेला असेल, तर शाफ्ट बोटांना जाणवण्याइतका जड होतो. व्हॅक्यूम मोटरची ताकद मुळातच बेताची असते, तिला एवढा अडथळासुद्धा पुरतो. शाफ्ट बाहेर काढावा, जुने ग्रीस पुसून टाकावे, बुशचे छिद्र स्वच्छ करावे आणि हलक्या तेलाचे दोन थेंब देऊन पुन्हा बसवावे.

भाराचा दुसरा भाग म्हणजे ब्लेड. या वाहनांच्या काचा सपाट असतात. आजकालच्या वक्र काचांसाठी बनवलेल्या ब्लेडमध्ये रबर काचेवर दाबून धरणारी यंत्रणा अधिक ताठ असते आणि तिची लांबीही जास्त असते. असे ब्लेड सपाट काचेवर लावले, तर घर्षण वाढते आणि मोटर फेरीच्या मध्यावर अडू लागते. सपाट काचेचे, मूळ लांबीचे ब्लेड लावावे. दांड्याची स्प्रिंगही पाहावी. ब्लेड काचेवर टेकून राहील इतकाच तिचा दाब हवा. जास्त दाबाने काच अधिक स्वच्छ पुसली जाते ही समजूत चुकीची आहे. त्याने रबराची धार दुमडते आणि उलट्या फेरीला ती काचेवर थरथरते.

व्हॅक्यूमवर चालणारी मोटर

या मोटरची रचना समजली की तिचे निम्मे दोष आपोआप कळतात. अर्धगोल कप्प्यात एक पाते असते आणि त्याच्या कडांना चामड्याची किंवा रबराची पट्टी असते. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातील) व्हॅक्यूम पात्याच्या एका बाजूला लावला जातो, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. पाते ओढले जाते आणि टोकाला पोहोचताच एक छोटी स्प्रिंग झडप उलटवते. व्हॅक्यूम आणि हवा यांच्या बाजू बदलतात आणि पाते परत फिरते. पाते आणि झडप या दोन ठिकाणी हवाबंदपणा टिकला तर मोटर चालते, इतका हा साधा हिशेब आहे. चामडे वर्षानुवर्षे वाळून आक्रसते, म्हणूनच कधीही न वापरलेली, मूळ खोक्यातील मोटरसुद्धा काढल्या काढल्या चालेल असे गृहीत धरू नये.

मोटरला हात लावण्यापूर्वी व्हॅक्यूम मोजावा. चांगल्या स्थितीतील पेट्रोल इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता), समुद्रसपाटीजवळ, सुमारे १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम देते. दर हजार फूट उंचीला हा आकडा साधारण एक इंचाने घटतो, हे डोंगराळ भागात ध्यानात ठेवावे. गेज आधी मॅनिफोल्डच्या तोंडाशी लावावा आणि नंतर मोटरपर्यंत येणाऱ्या नळीच्या टोकाशी. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. मॅनिफोल्डशी १९ आणि मोटरशी ११ असे दिसले, तर नळी गळते आहे आणि नवी मोटर आणून काहीही बदलणार नाही. मॅनिफोल्डशीच आकडा १२-१३ असेल तर दोष इंजिनात आहे. झडपा, इग्निशनचे टायमिंग किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे लागेल.

नळीचा एक दोष गेजवरही सहज पकडला जात नाही. पेट्रोलसाठी असलेली पातळ भिंतीची रबरी नळी व्हॅक्यूमला लावली, तर इंजिन गरम झाल्यावर ती मऊ पडते आणि आतून चपटी होते. नळीतून हवा वाहत नसताना गेज योग्य आकडा दाखवतो, पण मोटर चालू करताच प्रवाह अडतो. व्हॅक्यूमसाठीच बनवलेली जाड भिंतीची नळी वापरावी. ज्या वाहनांची समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, त्यांत बिजागरीजवळचा भाग विशेष पाहावा. काच उभी असताना नळी सुटसुटीत दिसते, पण काही वेळा पाडून उभी केली की बिजागरीशी ती दुमडून चिरते आणि ती चीर नळीच्या खालच्या अंगाला असल्याने दिसत नाही. तेथे नळीला थोडा सैल वळसा द्यावा आणि पत्र्याच्या कडेवर घासणाऱ्या जागी रबरी ग्रोमेट बसवावे.

चढावर किंवा पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना) वायपर मंदावणे हा या जातीचा दोष नसून स्वभाव आहे. थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. यावर उपाय म्हणून काही वाहनांत पेट्रोल पंपाला व्हॅक्यूमचा दुसरा कप्पा जोडलेला असे. एम३८ वर असाच दुहेरी पंप आहे. चढावर वायपर पूर्वी चालत असे आणि आता थांबतो, अशी तक्रार असेल तर या पंपाचा डायफ्राम (आतील लवचीक पडदा) पाहावा. तो फाटला, तर वायपर मंदावतोच, शिवाय क्रॅंककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या कप्प्यातील) तेल ओढले जाऊन मॅनिफोल्डमध्ये जाते आणि धुराड्यातून निळसर धूर येऊ लागतो. हा धूर पाहून इंजिनाच्या रिंगा बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी पंपाची व्हॅक्यूम नळी सोडवून, मॅनिफोल्डचे तोंड तात्पुरते बंद करून इंजिन चालवून पाहावे.

आता मोटरची स्वतंत्र तपासणी. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप थेट मोटरच्या तोंडाला लावून सुमारे १५ इंचांपर्यंत ओढावा. चांगली मोटर पाते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खणखणीत आवाजात नेते आणि झडप उलटल्याचा टक् असा आवाज स्पष्ट येतो. पाते फिरते पण टोकाला जाऊन थांबते, असे झाले तर झडपेची स्प्रिंग किंवा तिच्यावर साचलेले मेणचट ग्रीस कारणीभूत असते. पाते हलतच नाही आणि गेजवरचा काटा भराभर खाली येतो, असे झाले तर पात्याची पट्टी गेलेली आहे. दोन मोटर असलेल्या ट्रकवर याहून सोपी परीक्षा आहे. डाव्या आणि उजव्या मोटरच्या नळ्या आपसांत बदलाव्यात. दोष नळीबरोबर सरकला तर दोष पुरवठ्यात आणि जागेवर राहिला तर मोटरमध्ये.

चामड्याची पट्टी फाटलेली नसेल, तर मोटर वाचते. झाकण उघडून जुने ग्रीस पूर्ण काढावे, चामड्याला नीट्सफूट तेल किंवा चामड्यासाठीचे तत्सम तेल देऊन ते रात्रभर मुरू द्यावे आणि कप्प्याच्या भिंतीला अगदी पातळ थर लावून पुन्हा जोडावे. मोटरच्या तोंडातून ब्रेक फ्लुइडचे थेंब सोडण्याची एक जुनी युक्ती प्रचलित आहे. तिने चामडे थोडा काळ फुगते हे खरे, पण तोच द्रव गळून चौकटीचा रंग उचकटतो आणि काही दिवसांनी मोटर पूर्वीइतकीच मंद होते. ही युक्ती मी कोणालाही सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट इंजिनाच्या आरोग्यासाठी महत्त्वाची आहे. गळकी मोटर म्हणजे मॅनिफोल्डला पडलेले छिद्रच. त्यातून आत येणारी जास्तीची हवा जवळच्या सिलिंडरचे मिश्रण पातळ करते आणि आयडल अडखळू लागते. वायपरची नळी चिमटीत दाबताच इंजिन सुरळीत झाले, तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याचे कारण उरत नाही.

दाबाच्या हवेवर चालणारी मोटर

डिझेल इंजिनात थ्रॉटलची झडप नसल्याने वापरण्याजोगा व्हॅक्यूम मिळत नाही आणि मोठ्या ट्रकवर ब्रेकसाठी हवेची टाकी असतेच, म्हणून तेथे वायपरही हवेवर चालवले गेले. येथील मुख्य शत्रू पाणी आहे. टाकीतील ओलावा नळ्यांमधून मोटरमध्ये पोहोचतो, आतील भाग गंजतात आणि झडपेच्या बारीक वाटा बुजतात. टाक्यांचे निचऱ्याचे कॉक नियमित उघडले जात नसतील, तर नवी मोटरही टिकणार नाही. वाहन बंद असताना मोटरजवळ बारीक फुसफुस ऐकू येत असेल आणि रात्रभरात टाकीचा दाब उतरत असेल, तर साबणाच्या पाण्याने नियंत्रण झडप, जोड आणि मोटर या क्रमाने गळती शोधावी. ब्रेक आणि वायपर एकाच टाकीवर असतील, तर ही गळती गैरसोयीपुरती राहत नाही, ती सुरक्षिततेची बाब ठरते.

नळी सोडवण्यापूर्वी सर्व टाक्या रिकाम्या कराव्यात आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा, कारण यंत्रणेत १०० पौंड प्रति चौरस इंचाच्या आसपास दाब असतो. मोटर उघडून ओ-रिंग बदलायच्या असतील, तर रबराला चालेल असे सिलिकोन ग्रीस वापरावे, खनिज तेलाचे ग्रीस काही जातींच्या रबराला फुगवते. न उघडता सुधारणा करायची असेल, तर हवेच्या तोंडातून हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब देऊन मोटर ओल्या काचेवर काही मिनिटे चालवून पाहावी. वापराविना अडकलेल्या अनेक मोटर एवढ्यावर सुटतात.

विजेवर चालणारी मोटर

येथे प्रश्न पहिला व्होल्टेजचा. युद्धकाळातील बहुतेक अमेरिकी हलकी वाहने ६ व्होल्टची, नंतरची एम मालिका २४ व्होल्टची, तर लँड रोव्हर १२ व्होल्टची आणि रेडिओसाठी सज्ज केलेली तिची आवृत्ती २४ व्होल्टची असते. लँड रोव्हरवरील ल्युकास एफडब्ल्यू२ ही मोटर दोन्ही व्होल्टेजमध्ये मिळत असे आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात, म्हणून आवरणावरील शिक्का वाचल्याशिवाय घेऊ नये. २४ व्होल्टची मोटर १२ व्होल्टवर ओल्या काचेवर रखडत चालते आणि अर्धवट वाळलेल्या काचेवर थांबते. १२ व्होल्टची मोटर २४ वर लावली तर ती जळते. मधे रोधक घालून व्होल्टेज उतरवणे हा उपाय कागदावर बरा दिसतो, पण मोटरचा विद्युतप्रवाह भारानुसार बदलतो आणि त्याबरोबर रोधकावर पडणारे व्होल्टेजही बदलते. मोटर अडली की तिला नेमक्या गरजेच्या वेळी कमी वीज मिळते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढले, तर दोन्ही असमान चार्ज होऊन दोन्हींचे आयुष्य घटते. १२ व्होल्टचीच मोटर वापरावी लागत असेल, तर अडलेल्या मोटरचा प्रवाह पेलणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावावा.

जुनी मोटर मंद असेल, तर ती चालू ठेवून तिच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे आणि बॅटरीच्या आकड्याशी ताडून पाहावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा बरीच जास्त घट असेल, तर स्विच, वायर किंवा अर्थिंग यांत दोष आहे. नव्याने रंगवलेल्या वाहनांत अर्थिंगचा दोष फार आढळतो. रंगाचा जाड थर आणि रबरी वॉशर यांमुळे मोटरचे आवरण चौकटीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे पडते आणि अर्थिंग कसेबसे शाफ्टच्या नटातून होत राहते. आवरणापासून बॅटरीच्या अर्थपर्यंत एक स्वतंत्र वायर दिली की अनेक मंद मोटर तरतरीत होतात. जुन्या ब्रिटिश वाहनांत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या धातूला जोडलेले, असू शकतो. चुंबकीय क्षेत्र तारेच्या गुंडाळीने तयार करणाऱ्या मोटरला त्याने फरक पडत नाही, पण कायमचुंबकाची आधुनिक मोटर उलटी फिरते आणि तिच्या पार्किंग स्विचचा, म्हणजे ब्लेडला ठरलेल्या जागी नेऊन थांबवणाऱ्या स्विचचा, हिशेब चुकतो. अशा स्वयंपार्किंग मोटरला दोन पुरवठे लागतात, एक स्विचमधून आणि दुसरा सतत चालू असलेला. दुसरा विसरला, तर स्विच बंद करताच वायपर काचेच्या मध्यावर थांबतो आणि दोष मोटरवर ढकलला जातो.

बदली मोटर शोधताना

शोध भाग-क्रमांकापासून सुरू करावा, छायाचित्रापासून नव्हे. विलिस एमबीसाठी टीएम ९-८०३, सीसीकेडब्ल्यूसाठी टीएम ९-८०१ आणि एम३५ साठी टीएम ९-२३२०-२०९ मालिका या अमेरिकी तांत्रिक पुस्तिका उपलब्ध आहेत. सुट्या भागांचे क्रमांक मात्र त्यांच्या भाग-यादीच्या खंडांत मिळतात. अमेरिकी सैन्याच्या पुरवठा सूचीतील, प्रत्येक वाहनाला दिलेले जी-क्रमांकही शोधाला उपयोगी पडतात: विलिस एमबी जी-५०३, सीसीकेडब्ल्यू जी-५०८, एम३८ जी-७४०, एम३७ ट्रक जी-७४१ आणि एम३५ जी-७४२. नंतरच्या भागांवर साठा क्रमांक असतो. १९७४ पूर्वीचा अमेरिकी क्रमांक ११ अंकी होता, पुढे तो १३ अंकी झाला. जुन्या क्रमांकातील पहिल्या चार अंकांनंतर ०० घातले की नवा क्रमांक तयार होतो. वायपरचे भाग बहुधा २५४० या वर्गात येतात आणि पुढचे दोन अंक देश दर्शवतात, उदाहरणार्थ ९९ ब्रिटन आणि १२ जर्मनी.

क्रमांक जुळला तरी मापे मागावीत. शाफ्टचा व्यास आणि त्याच्या टोकाची घडण, म्हणजे ते दातेरी आहे, गुळगुळीत आहे की एका अंगाने सपाट केलेले आहे. चौकटीतून बाहेर येणाऱ्या आट्यांची लांबी. बसवायच्या छिद्रांमधील अंतर. नळीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास आणि त्याची दिशा. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फेरीचा कोन. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन मोटरींचे कोन वेगवेगळे असू शकतात. जास्त कोनाची मोटर ब्लेडला चौकटीच्या कडेवर आपटते, ब्लेड तेथे अडते आणि मोटरच्या आतील थांबे झिजतात.

न वापरलेली जुनी मोटर, दुरुस्त केलेली मोटर आणि नव्याने बनवलेली प्रतिकृती यांत निवड करायची झाल्यास मी व्हॅक्यूमसाठी दुरुस्त केलेली मोटर पसंत करीन. तिच्या पट्ट्या नव्या असतात, तर न वापरलेल्या मोटरीत पट्ट्या तितक्याच जुन्या असतात जितके तिचे खोके. विक्रेत्याकडे मोटर चालतानाचे चित्रण मागताना ती रिकामी नको, दांडा आणि ब्लेडसह ओल्या काचेवर चालताना मागावी. रिकामी मोटर जवळजवळ कोणतीही चालते.

बसवताना

जुनी मोटर काढण्यापूर्वी थांबलेल्या ब्लेडची जागा काचेवर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी. विजेची मोटर असेल तर बॅटरीची अर्थ वायर आधी सोडवावी. चौकटीतील छिद्राभोवतीचा गंज आणि रंगाचे पापुद्रे काढून पृष्ठभाग सपाट करावा, कारण मोटर जरा जरी तिरकी बसली, तरी शाफ्ट बुशमध्ये कडेने दाबला जातो. दोन्ही बाजूंना नवे रबरी वॉशर घालावेत. नट आधी बोटांनी पूर्ण फिरेल तितका घट्ट करावा, मग शाफ्ट हाताने फिरवून पाहावा आणि त्यानंतरच पान्याने अर्धा वेढा द्यावा. तोच शाफ्ट पुन्हा फिरवून पाहावा. पान्याच्या शेवटच्या ओढीने शाफ्ट जड झाला, तर मोटरचे आवरण पिळले गेले आहे. नट सैल करून चौकट व मोटर यांच्यामध्ये पातळ शिम (पत्र्याची चकती) घालावा, जोर वाढवू नये.

दांडा लगेच लावण्याची घाई करू नये. दांड्याशिवाय मोटर चालवून ती पार्किंगच्या जागी थांबू द्यावी आणि मगच खुणेनुसार दांडा बसवावा. काच भरपूर ओली करून मोटर आयडलवर आणि नंतर थोडा थ्रॉटल देऊन चालवावी. कोरड्या काचेवर कधीही चालवू नये. काच पाडता येत असेल, तर ती एकदा पूर्ण पाडून, पुन्हा उभी करून नळी आणि वायर पाहाव्यात. पहिल्या लांब फेरीनंतर नट पुन्हा तपासावा, कारण नवे रबरी वॉशर दबले की तो हमखास थोडा सैल होतो.